बिनतेलाचं सपीठ

शलाका : मावशी, तेल कशाला घातलंत पण? सपीठ कोरडंच हवं होतं.

रत्नमाला : अगं, पिठात हात घातला की बाटली उचलायची सवयच. मोहनाबिगर कणीक मळली नाही कधी. आन तूच म्हणली ना, इस्राएल लोक अर्पणाच्या पिठात तेल घालायचे?

शलाका : ते अन्नार्पण, उपकारस्तुतीचं. उद्या चर्चमधल्या मुलांच्या क्लासला पापार्पण शिकवायचंय. ऐपत असेल त्यानं मेंढरू आणायचं, नसेल त्यानं दोन पारवे, तेही जमत नसेल तर थोडं पीठ. त्यात तेल नाही, ऊद नाही. बसा ना जरा. माझं हवल्लीतलं हे एवढंसं किचन, आल्यापासून येरझाऱ्या घालताय.

रत्नमाला : बसवत नाही. आन पीठ दिलं की सुटला माणूस?

शलाका : असं कसं? आधी कबूल करायचं, काय केलं ते. हा चार्ट बघा ना, कशाकशाबद्दल अर्पण लागायचं. न विचार करता शपथ घेतली, अशुद्ध काही शिवलं. आणि सगळ्यात वर हे, माहीत असून, विचारलं तरी साक्ष दिली नाही.

रत्नमाला : गप बसलेलं पण पापात धरायचे?

शलाका : सगळ्यात पहिलं.

(रत्नमाला पिठाच्या हातांनीच खुर्चीवर बसते.)

शलाका : मावशी, काय झालं?

रत्नमाला : माझ्या कामावरची म्हातारी पलंगावरून पडली, सांगितलं ना तुला.

शलाका : हो, मंगळवारी, सबाह अल-सालेम भागातल्या त्या घरी. त्या स्वयंपाकाच्या नूरजहाँनं पलंगाचा कठडा खाली ठेवला म्हणून.

रत्नमाला : मी ठेवला. खीर भरवायला खाली घेतला आन स्पृहाचा फोन आला. लेकीचा फोन म्हणल्यावर तशीच उठून बाल्कनीत गेले. नूरजहाँ उष्टी भांडी घेऊन गेली, मागनं म्हातारी खाली. हात मोडला बिचारीचा. मॅडमनं आम्हा दोघींना उभं करून विचारलं. मी मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

शलाका : आणि नूरजहाँ?

रत्नमाला : तिला खरंच वाटतंय, भांडी उचलताना तिचाच कठड्याला धक्का लागून तो खाली आला. श्रीवर्धनकडची भोळी बाई. काल तिला एजन्सीच्या मकतबात, त्यांच्या हापिसात, नेऊन बसवली, परवा विमानात घालणार. जाताना माझ्याच गळ्यात पडून रडली. म्हणली, ताई, म्हातारीची माझ्या वतीनं माफी मागा. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं मला.

शलाका : ऐका माझं. घाई करू नका. तुमचा इकामा, इथं राहायचा परवाना, त्याच घरच्या नावावर आहे. स्पृहाचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय. मॅडम तुम्हालाही त्याच विमानात बसवतील. आपण प्रार्थना करू. आणि ही वेदी, ही मेंढरं, सगळं त्या काळाचं हो. आता बळी लागत नाही. उद्या क्लासच्या शेवटी मुलांना मी हेच सांगणार आहे.

रत्नमाला : लागत नाही कसा? माझ्या जागी दिलाय की. मकतबात बसलीय बॅग घेऊन.

शलाका : मावशी...

रत्नमाला : काय चुकीचं बोलले का?

शलाका : नाही. पण खरं सांगू? मी असते ना तुमच्या जागी, तर गप्पच बसले असते.

रत्नमाला : बसून बघितलं मी, दोन दिस. घास उतरत नाही. म्हातारी पण माझाच हात धरून झोपते. मॅडमला फोन लाव.

शलाका : मी बोलू का? इथेच वाढलेय, आरबी नीट येतं मला. जरा सांभाळून सांगेन.

रत्नमाला : सांभाळून नको. ज्याचं त्यानं बोलावं. मला पाणी, औषध, झोप एवढंच आरबी येतं. 'मी केलं' असं म्हणायची वेळ कधी आली नव्हती.

शलाका : मग फक्त 'अना, मू नूरजहाँ' म्हणा. मी, नूरजहाँ नाही. त्यांना कळेल.

रत्नमाला : एवढंच?

शलाका : एवढंच. रिंग वाजतेय... स्पृहाला आधी विचारायचंय का एकदा?

रत्नमाला : ती नको म्हणंल. दे इकडं.

शलाका : उचलला. बोला.

रत्नमाला : मॅडम, रत्ना. यायला उशीर नाही, मॅडम, ते नाही. मंगळवारी, पलंग... अना, मॅडम. मू नूरजहाँ. अना.