न दुखणाऱ्या दाढा

आमच्या नातीच्या नव्या दाढा आल्या, तेव्हाची गोष्ट आहे गा. सक्करदऱ्यातली दाताची डॉक्टरीणबाई म्हणाली, "कीड लागू नये म्हणून आताच वरून लेप लावून देते." तेव्हा हे नवीनच निघालं होतं.

आमची म्हातारी बिघडली. "दुखून नाही राहिलं, त पोरीच्या तोंडात हात काहून घालता?"

मी हळूच म्हटलं, "दाण्याची कणगी आपण शेणामातीनं कधी लिपतो वं? सोंडेकिडे लागायच्या आधीच नं?"

तिनं मंग बाईले आपलंच तोंड उघडून दाखवलं. "माह्या ह्या उरलेल्या दोन दातायले जमते काय?"

"नाही आजी, हा लेप कोवळ्या दाढांनाच लागतो."

म्हातारीनं पोरीले खुर्चीत बसवलं. "मंग हिच्या नीट लिपा बाई. माह्या वाटच्याही."