मेंढरांच्या पुढं कोण चालतं?

सन त्र्याण्णव, चैत्राचं रणरणतं ऊन, अन् तुमाला सांगतो, ह्या वयात, डोक्याला एवढा पटका बांधून मी पाटी धरून बसलोय! कावून? तर फागणात गारा पडल्या! आता गारांचा अन् पाटीचा काय संबंध... तेच सांगतो, थांबा की!

गारा पडल्या तवा माझी मेंढरं माळावर. आमच्या सिरसाळ्याच्या केदारनाथ मास्तरनं साळंचं दार उघडलं, सगळा कळप वर्गात घेतला. लेंड्यांनी साळा भरली, पर मास्तर हूं की चूं न्हाई. उपकार झाला का न्हाई? झाला. अन् सिदू कुणाचा उपकार ठेवत न्हाई!

चैत्रात मास्तर दारात हजर. "सिदूतात्या, बायांचा साक्षरतेचा वर्ग काढलाय, पर एक बाई येईना. उद्या तपासायला साहेब येतेत, रिकामा दिसला की बंद करतील." अन् मग मास्तर जे सुटले... "इंग्रजीत शिकवण्याला एज्युकेट म्हणतेत, तात्या. मूळ लॅटिन. एदुकारे, म्हणजे पोसणं, लहानाचं मोठं करणं. त्याच्याच भावकीतलं एदुकेरे, म्हणजे भाईर काढणं, पुढं नेणं."

"लॅटिन कुठल्या गावाला बोलतेत?"

"आता कुठंच न्हाई."

मेली म्हणा की! पर पोसायचं अन् भाईर काढायचं, हे तर आमचं रोजचंच. म्हणलं, जा मास्तर, काढतो बाया. सिदू कुणाचा उपकार ठेवत न्हाई!

घरात जाऊन काठी आपटली. "साखरे, ऊठ, साळंत चल! तू निघालीस की गल्ली निघंल."

साखराबाई, आमची कारभारीण, ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणती कशी, "काठीनं कळप निघतो व्हय? मेंढरांच्या पुढं कोण चालतं?"

"मी चालतो!"

"मंग चला की."

जन्मभर हे मीच जगाला सांगत आलो!

निघालो. मागं साखराबाई, तिच्या मागं शेजारची भामाबाई, मग दारादारातून एकेक... वळून बघतो तर गल्लीभर बाया, तोंडात पदर धरून हसायल्यात! साळंच्या दारात मी थांबलो, तर सगळ्या थांबल्या. भामाबाई म्हणती, "शिरा की आत, भावजी, का मेंढरावानी हाळी देऊ?" शिरलो. मी बसलो, मगच बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, खूश झाले, म्हणले वर्ग चालू ठेवा. चालू म्हणजे रोज! अन् मी उठलो की ह्या उठणार!

म्हणून बसलोय. अ काढतोय, वाकडा निघतोय, निघू द्या.

गारांचा उपकार फिटला.