दोन ते चारचा पहारा

मंडळी, ऐका! आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं देऊ नका, शेजारचा ऐकेल! तुम्ही इथं आलात कशासाठी?

देवासाठी? वा! मग मघापासून आमटीच्या पातेल्याकडं कोण बघतंय?

हसू नका. पाच माणसं एका जागी जमतात, एकच काम करतात, आणि पाचांच्या मनात पाच वेगळ्या गोष्टी! वेळ येईपर्यंत सगळे सारखेच दिसतात. सगळ्यांच्या कपाळी तोच बुक्का!

हे बळवंतअण्णा बघा, वीणा घेऊन माझ्यामागं उभे आहेत. सहापासून उभे आहेत. आठला त्यांचा पहारा बदलायचा. पुढचं नाव तिथं फळ्यावर लिहिलंय. माझा चष्मा घरी राहिला, मी काही वाचलेलं नाही. असो!

गोष्ट वाघजाईवाडीची. तिथंही असाच सप्ताह. सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात. जमिनीवर ठेवायची नाही, भिंतीला टेकवायची नाही. एकसष्ट वर्षं टेकवलेली नाही! दोन-दोन तासांचा पहारा. पुढचा येतो, उभा असलेल्याच्या पायांवर डोकं ठेवतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. आणि नाहीच आला तर? तर उभं राहायचं! दुसरं काय?

त्या गावात यशवंत गुजर. वय बेचाळीस. डेअरीत दूध मोजून घ्यायचा. गरीब माणूस. इतका गरीब स्वभाव, की गाव त्याचं नावसुद्धा पुरतं घेईना. "ए यशा, फॅट कमी कशी लागली रं?" "यशा, सरक तिकडं!" ग्रामसभेत बोलायला उठला की माइक बंद पडायचा. पडायचा कसला — पाडायचे हो!

पण मोबाइलवर? मोबाइलवर यशवंत म्हणजे 'किल्लेदार'!

लढाईचा खेळ. आपले पाच, समोरचे पाच. माणसं कुठली कुठली, एकमेकांची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत, नुसते कानात आवाज. किल्ल्यावर आपला झेंडा. तो उपटला की डाव गेला. हे मी विचारून विचारून शिकलोय बरं का. मला मोबाइल सरळ धरलाय की उलटा, एवढंही खात्रीनं सांगता येत नाही. काही चुकलं तर तरण्या मंडळींनी पोटात घाला.

तर झेंड्यापाशी एकानं उभं राहायचं. त्यात मजा नाही, पदक नाही. ते काम यशवंतकडं. दोन वर्षं! आणि बाकीचे त्याला काय म्हणायचे? "सर!" "सर, तुम्ही आहात म्हणून आपला संघ आहे." बेचाळीस वर्षांत त्याला कुणी सर म्हटलेलं नव्हतं. आता सांगा, चटक लागेल का नाही?

आणि संघ तरी कसा! एक सुवर्णसिंह — त्याला पदकं हवीत. साठ पदकं गळ्यात, वाकला तर पुढं पडेल! दुसरा कर्दनकाळ. त्याला माणसं मारायला आवडतं. शत्रू नाही सापडला तर आपल्यातलाच एखादा लोळवतो. मध्येच आवाज बारीक करून बोलतो, "ताई, यातच मोरपंखी दाखवू का?" — कापडाच्या दुकानात कामाला आहे बिचारा! तिसरा भटक्या. इकडं तोफा धडाडतायत, आणि हा डोंगराआडून ओरडतोय, "अरे, इथं धबधबा आहे!" आणि चौथी माऊताई. दोन वर्षांत एक गोळी झाडलेली नाही बाईनं. "जेवलात का सगळे?" अहो, अंगावर गोळ्या येतायत! "हो का? भाजी कुठली होती?"

सप्ताहाचा पाचवा दिवस. दुपारी बारा ते दोन पहारा ज्ञानूतात्यांचा. वय चौऱ्याहत्तर, गुडघा सुजलेला. दोन ते चार यशवंतचा. दीड वाजला. डेअरीत चिटपाखरू नाही. यशवंत म्हणाला, एकच डाव, वीस मिनिटांचा! इथं कोण आहे जो असं म्हणाला नाही? हात वर नका करू, पंचाईत होईल.

पण समोरचे होते तोडीस तोड. कुणी मागं हटेना. डाव लांबला.

दोनला त्याची बायको उज्ज्वला दारात. "अहो, दोन वाजले. तात्या उभे आहेत."

"आलोच!"

अडीचला पुन्हा आली. "तात्यांचे पाय लटलटायला लागले. चला की!"

"आलोच म्हटलं ना! मी जागा सोडली तर सगळे बुडतील."

उज्ज्वलानं एकदा मोबाइलकडं बघितलं, एकदा रिकाम्या खोलीकडं. म्हणाली, "कोण सगळे?"

अंगठे चालूच!

तीनला ती आलीच नाही. बायको बोलवायची थांबली की घाबरावं, मंडळी. हा घाबरला! कानातल्या आवाजाला म्हणाला, "मला जायला पाहिजे. कुणीतरी झेंड्यापाशी या. दहाच मिनिटं, माझी जागा घ्या."

सुवर्णसिंह म्हणाला, "सर, एकच पदक राहिलंय. आलोच!"

कर्दनकाळ म्हणाला, "एकाला हेरून ठेवलाय. त्याला आडवा करतो, आलोच!"

भटक्या म्हणाला, "धबधब्यामागं गुहा सापडली. आलोच!"

माऊताई म्हणाली, "आलेच हं! पण सर, आवाज का असा? काही खाल्लंत का?"

यशवंत झेंड्यापाशी उभा. एकटा. तो 'आलोच' त्याच्या ओळखीचा होता. गेल्या तासाभरात याच खोलीत त्यानं दोनदा ऐकला होता — स्वतःच्या तोंडून!

लगेच उठला? नाही हो! मीही पुस्तकातल्यासारखं सांगणार होतो, की तो तडक उठला. नाही उठला. जागा सोडणाऱ्याला संघातून काढतात. काढलं की 'सर' गेलं, पुन्हा 'यशा' आला. पाच मिनिटं बसून राहिला तो. मग मोबाइल दुधाच्या कॅनवर पालथा घातला आणि पायात चप्पल न घालता देवळाकडं पळाला.

देवळात काय बघतो? तात्या खांबाला टेकून बसलेले! पाय पाण्याच्या घमेल्यात! वीणा खाली ठेवली की काय?

आजूबाजूला गडीमाणसं होती, मंडळी. चौघे! एक सप्ताह समितीचे अध्यक्ष, शालीची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेले. "आमचा पहारा पहिल्या दिवशीच झाला. फोटोही छापून आलाय." दुसरा मुठी आवळून — "येऊ दे त्या यशाला, तंगडीच मोडतो!" अरे बाबा, तंगडी मोडण्यापेक्षा स्वतःच्या तंगड्यांवर उभा राहा की! तिसरा मंडपाच्या मागं बुंदी कुठवर आली ते बघून परत आलेला. आणि चौथा तात्यांना चिकटून बसलेला. "तात्या, दुखतंय का हो? आमच्या मेव्हण्याचंही असंच झालं..."

यशवंतनं चौघांकडं बघितलं. यांना तर आपण रोज खेळात भेटतो! तोंडं तेवढी आज दिसली!

मग वीणा कुठाय?

देवासमोर उज्ज्वला उभी होती. पदर कमरेला खोचलेला. वीणा तिच्या गळ्यात.

एकसष्ट वर्षांत त्या गावानं बाईच्या गळ्यात वीणा घातली नव्हती. तीन वाजता तात्यांचा गुडघा वाकला. चौघांपैकी एकही हलला नाही. उज्ज्वला पुढं झाली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे आपल्यात चालत नाही!" तात्या म्हणाले, "मग तू ये." अध्यक्षांनी शाल सावरली! तात्या म्हणाले, "घे पोरी."

उज्ज्वलानं नवऱ्याला विचारलं, "झाला डाव?"

"सोडला."

"बुडाले का सगळे?"

तो वीणा घ्यायला पुढं झाला. तशी उज्ज्वला एक पाऊल मागं सरली. "रीत काय आहे?"

रीत काय आहे? उभा असलेल्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. बायकोच्या! गावासमोर! मागून तो मुठीवाला खदखदला — "ठेव की यशा, ठेव!"

यशवंत वाकला. डोकं ठेवलं. पाय तापलेले होते, मंडळी. दुपारच्या उन्हानं तिथली फरशी तापते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दरवर्षी त्या जागी दोन तास उभा राहायचा, पण पायात मोजे घालून!

जरा जास्तच वेळ डोकं ठेवलं त्यानं. मग वीणा घेतली.

चारला सुटायचा, साडेसहाला सुटला. पुढचा म्हणाला होता — काय? बरोबर! आलोच!

डेअरीत जाऊन मोबाइल सुलटा केला. झेंडा गेला होता, संघातून नाव गेलं होतं. कर्दनकाळानं आईबहीण काढली होती. माऊताईचा निरोप होता, "सर, जेवून घ्या." वाईट वाटलं त्याला? वाटलं हो! बेचाळीस वर्षांचा गडी कॅनवर बसून रडला. रडू नये का? आदर मिळत होता तो खोटा नव्हता. फक्त जिथं त्याची खरी गरज होती, तिथं तो नव्हता.

पुढच्या वर्षी फळा तात्यांनी लिहिला. दोन ते चार, उज्ज्वला गुजर. चार ते सहा, यशवंत गुजर. पुरतं नाव! मोजे चालणार नाहीत, असं खाली वेगळं लिहिलं होतं.

झालं आख्यान. आता हा शालीवाला कोण, मुठीवाला कोण, बुंदीवाला कोण, ते शेजाऱ्यात शोधू नका. मी मोबाइल खेळत नाही, म्हणून वाटायचं आपण सुटलो. पण आज इथं मी काय करतोय? तासभर बोलतोय, तुम्ही माना डोलावताय, मला बरं वाटतंय. मला तरी काय हवं होतं? 'बुवा, छान झालं' एवढंच ना!

आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली. बळवंतअण्णा अजून उभेच आहेत.

बाप्यांनो, आयाबायांनो, मी आता डोळे मिटून नाम घेतो. फळ्यावर कुणाचं नाव आहे ते मला बघायचं नाही. कोण उठलं तेही नाही. डोळे उघडेन तेव्हा वीणा फक्त दुसऱ्या गळ्यात असावी. म्हणा — विठ्ठल, विठ्ठल...

बोलू नका हो, "आलोच" म्हणून! उठा!