शनिवारच्या नऊ सायकली

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय चंद्रहासकाका, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मंडळाच्या चिटणीस मेधाताई, ज्यांच्यासाठी आपण मास्क लावून आणि एकेक खुर्ची सोडून का होईना पण जमलो ते सत्कारमूर्ती अपूर्व आणि मैथिलीवहिनी, आणि दारात कोविडची रॅट टेस्ट दाखवून आत आलेल्या सिडनीतल्या टूनगॅबी-वेंटवर्थव्हिलच्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना या नंदूचा नमस्कार.

आपण मला ओळखता, पण बहुतेकांनी मला दारातच पाहिलेलं आहे. बेल वाजते, पायरीवर डबा असतो आणि गेटपाशी हेल्मेट घातलेला एक इसम हात हलवत असतो. तो मी. त्यामुळे आज माझा चेहरा बघून काहींना नवल वाटलं असेल. मी नववी नापास आहे. कोपरगावच्या शाळेत मला भाषणाला उभं केलं की मी बाकाखाली जायचो. म्हणून लिहून आणलंय. मध्ये अडखळलो तर समजून घ्या.

खरं तर वक्त्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते अपूर्वने घातलं. मेधाताई म्हणाल्या, "नंदू, अपूर्वची इच्छा आहे, दोन शब्द बोल." मी म्हटलं, जेवणाची ऑर्डर माझ्याकडे आहे, पुऱ्या कोण तळणार? तर त्या म्हणाल्या, "पुऱ्या दहा मिनिटं थांबतील." तेव्हा पुऱ्या थांबल्या आहेत आणि मी उभा आहे.

निरोपाच्या भाषणात पाहुण्याचे गुण सांगायचे असतात. ते आधीच्या वक्त्यांनी छान सांगितले. अपूर्व पुण्याचा इंजिनियर, हुशार, मनमिळाऊ, आता मेलबर्नला मोठ्या जागेवर निघालाय. मी आणखी काय सांगणार? मला एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल की या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आला.

हसू नका, शोभाकाकू. खरंच सांगतोय.

पहिला लॉकडाऊन आठवतो ना? कारणाशिवाय घराबाहेर पडायला बंदी. आमचं हॉटेल बंद झालं, मालक म्हणाले, डबे सुरू करू, आणि मला एक जुनी सायकल दिली. आपण सगळे घरून काम करून कंटाळलात आणि सायकली घेतल्यात. अपूर्वनेही घेतली. ती सायकल एका बोटाने उचलता येते, मी उचलून पाहिली आहे, तो आत डबा रिकामा करत होता तेव्हा. तो सायकल चालवायचा तेव्हा लोक म्हणायचे, वा, फिटनेस! मी चालवायचो तेव्हा म्हणायचे, आज वीस मिनिटं उशीर झाला रे. रस्ता तोच होता.

त्याला सिटिझनशिप मिळाली तेव्हा काउन्सिलने एक छोटं झाड कुंडीत भेट दिलं. ते त्याच्या बाल्कनीत असायचं. दोघं आठवडाभर बाहेरगावी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नंदू, इकडे येतोसच, त्याला जरा पाणी घालशील?" मी रोज घातलं. तेव्हा मनात काय यायचं ते इथे सांगण्यासारखं नाही. झाड जगलं, एवढं सांगतो.

इथे मत न देणाऱ्याला दंड होतो. आपण त्याबद्दल कुरकुर करता. मी आपली कुरकुर पायरीवर उभा राहून ऐकतो आणि वाटतं, मला कोणी दंडसुद्धा करत नाही.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या भागातला रेल्वेपुलाखालचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही बाजूंना भिंत, मध्ये ट्रक, आणि सायकलवाल्याने जायचं कुठून? गेल्या जूनमध्ये तिथे एका यूटचा, त्या मागे उघड्या हौद्याच्या गाडीचा, आरसा मला लागला. मी पडलो, खांद्याचं हाड मोडलं, अकरा डब्यांतली आमटी रस्त्यावर. ड्रायव्हरने काच खाली करून विचारलं, "यू राइट, मेट?" आणि माझं उत्तर यायच्या आत तो गेला. मला उचलायला पहिला कोण आला? अपूर्व. त्याने अॅम्ब्युलन्स बोलावली, मालकांना फोन केला, वाकड्या चाकाचा फोटो काढला. मला वाटलं, इन्शुरन्सला लागत असेल.

तो फोटो पुढे आपण सगळ्यांनी पाहिलात. काउन्सिलने ठरवलं की डिसेंबरच्या निवडणुकीतच लोकांना एक प्रश्न विचारायचा: पुलाखालून सायकलींसाठी वेगळा रस्ता करायला घरपट्टी थोडी वाढवली तर चालेल का, हो की नाही? अपूर्वने कंबर कसली. सायकलवाल्यांना गोळा केलं, पत्रक छापलं. वर माझं चाक, खाली त्याचं नाव, आणि मध्ये ओळ होती: "इथे एक डबेवाला जखमी झाला."

एक डबेवाला. मी ते पत्रक हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो. हाड माझं मोडलं होतं. रोज त्या पुलाखालून दोनदा मी जातो. आणि टाळ्या कोणाला? अपूर्वला. मुलं म्हणायची, "अपूर्वकाका इज सो कूल." मी त्याला एकदाही म्हटलं नाही की बाबा, माझं नाव टाक. म्हटलं असतं तर त्याने टाकलं असतं. ते मला माहीत होतं, म्हणूनच म्हटलं नसेल.

त्याचा बेत आपल्याला आठवत असेल. चार डिसेंबर, शनिवार. सकाळी आठला सगळ्यांनी सायकल घेऊन पार्कमध्ये जमायचं. तो प्रश्न नीट समजावून सांगणार, घरपट्टी किती वाढेल, रस्ता कसा होईल, सगळं. मग सगळ्यांनी मिळून पुलाखालून जायचं, म्हणजे तो रस्ता प्रत्येकाला स्वतःच्या पायाने कळेल, आणि तसंच शाळेत जाऊन मत द्यायचं. काय सुंदर बेत होता! त्याचाही मला हेवा वाटला.

आता डब्यांची एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या किचनमध्ये मराठी कॅलेंडर आहे, कारण एकादशीला साबुदाणा लागतो, चतुर्थीला मोदक लागतात. त्यामुळे आज कोणता दिवस हे आपण मला विचारता. "नंदू, उद्या काय आहे रे?" हा प्रश्न मला सत्तर घरांतून येतो. आणि मी सांगतो त्यावर आपण विश्वास ठेवता.

त्या आठवड्याआधी शोभाकाकूंनी विचारलं, "नंदू, शनिवारी अपूर्वबरोबर सायकलवर जायचंय मतदानाला. दिवस कसा आहे?"

मी म्हटलं, "काकू, अमावास्या आहे. शनिवारची."

"अगं बाई. मग?"

"तुमचं तुम्ही बघा."

एक अक्षर खोटं नव्हतं. पण पुढच्या घरी मला कोणी विचारलं नाही, तरी मी सांगितलं. तिसऱ्या घरापासून मी ग्रहणही जोडलं. ग्रहण होतं, तेही खरं. सिडनीत ते दिसणार नाही आणि पाळायचं नाही, हे मात्र मी कुठे बोललो नाही. दोन दिवसांत सत्तर घरं झाली. डबा ठेवायचा, गेटपाशी जायचं आणि जाता जाता म्हणायचं, "शनिवारी जरा जपून हं."

आता कोणी हसत नाही, हे मला दिसतंय.

मत तर द्यावंच लागतं. मग आपण काय केलंत? इथे आगाऊ मतदानाची सोय असतेच, तेव्हा अमावास्या टाळून आधीच्याच आठवड्यात जाऊन मत देऊन टाकलंत, आपापलं, एकेकट्याने. तिथे तो प्रश्न समजावायला कोणी नव्हतं. शोभाकाकू मला नंतर म्हणाल्या, "त्यात घरपट्टी वाढणार असं दिसलं, मी नो केलं बाई." त्यांचं काही चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नोच केलं असतं.

शनिवारी सकाळी मी पार्कमध्ये गेलो, कारण सायकलवाल्यांसाठी चाळीस जणांच्या बटाटेवड्यांची ऑर्डर मलाच होती. हो, मी चाळीस जणांचे वडे तळले. येणार नाहीत हे माहीत असून तळले. नऊ सायकली होत्या. अपूर्व हातात कागदांचा गठ्ठा घेऊन गेटकडे बघत होता. म्हणाला, "येतील रे, अजून वेळ आहे." साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. मग कोणीतरी त्याला अमावास्येचं सांगितलं. तो माझ्याकडे आला. चिडला नव्हता. म्हणाला, "नंदू, मला हे काही कळत नाही. तुला तर सगळं माहीत असतं. मला आधी का नाही सांगितलंस? लोकांना आपण आदल्या आठवड्यात एकत्र नेलं असतं."

मी म्हटलं, "लक्षात नाही आलं."

"असू दे," तो म्हणाला. "तू चल ना आमच्याबरोबर."

"मला मत नाही."

"मत नाही, पण रस्ता तुझाच आहे."

मी म्हटलं, डबे आहेत. आणि निघालो. शनिवारी डबे नसतात, हे आपल्याला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं.

एकशे अठरा मतांनी तो रस्ता गेला. सत्तर घरं, घरात दोन-तीन मतं. मी शिकलेलो नाही, पण एवढी बेरीज मला येते.

मघाशी एक ज्येष्ठ वक्ते म्हणाले की अपूर्वने प्रयत्न केले पण आपले लोक उदासीन. दुसरे म्हणाले, उत्साह होता, नियोजन कमी पडलं, दिवसाचा विचार करायला हवा होता. मी मागे पीठ मळत ऐकत होतो. लोक उदासीन नव्हते, महोदय. नियोजनही कमी पडलं नाही. हे मी बोललो नसतो तर अपूर्व मेलबर्नला हाच शिक्का घेऊन गेला असता, आणि मी उद्या त्याच पुलाखालून डबे घेऊन गेलो असतो. पुलाखालून तर उद्याही जाणारच आहे.

काउन्सिल त्या रस्त्याबद्दल मार्चअखेरपर्यंत लेखी सूचना घेतंय. त्याला सिटिझन असावं लागत नाही, मी विचारून आलोय, माझ्या इंग्रजीत, तीनदा. सोमवारपासून आपल्या डब्याबरोबर एक कागद येईल. पटलं तर सही करा. खाली नाव माझं असेल, पूर्ण. अपूर्व, रागावू नकोस, वर तुझं नाव घालायचं मी ठरवलं होतं. मग खोडलं. तेवढा कोतेपणा अजून शिल्लक आहे.

आपण सर्वांनी एका डबेवाल्याचं एवढा वेळ शांतपणे ऐकलंत, अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, मेधाताईंनी संधी दिली, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. मैथिलीवहिनी, प्रवास सुखाचा होवो. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून सोडून द्या. डिसेंबरची गोष्ट मात्र सोडून देऊ नका. तिची माफी ज्याच्याकडे मागायची तो इथे माझ्या उजव्या हाताला बसलाय, आणि मी ती मागतो आहे.

फक्त अपूर्व, लगेच "असू दे" म्हणू नकोस. तू म्हणणार, मला माहीत आहे, तुझे ओठ हललेसुद्धा. सायकलचा नाही, झाडाचा नाही, मताचासुद्धा नाही, मला तुझ्या त्या "असू दे"चा सगळ्यात जास्त हेवा वाटतो. आज निदान जेवण होईपर्यंत तरी माझ्यावर चिड.

पुऱ्या गरमच वाढतो. नमस्कार.