दोघींचं एक नाव

(नाशिक, मखमलाबाद रस्ता, २००१. घराच्याच पुढच्या खोलीतलं सॉफ्टवेअरचं ऑफिस. दुपार.)

सुनील : नाही. दुसरं काहीही सांगा. फोन नंबर बदला म्हणा, पत्ता बदला म्हणा, सगळ्या फायलींत बदलून देतो. हे नाही.

मोहिनी : काम तेच आहे ना, सुनीलभाऊ? मागे नंबर बदलला तेव्हा तुम्हीच स्क्रिप्ट लिहिलीत. ती एकेक फाइल उघडत गेली, जुना नंबर दिसला की नवा लिहीत गेली. चहा येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सुनील : तो नंबर होता.

मोहिनी : आणि हे?

सुनील : ही माझी बहीण आहे.

मोहिनी : मी त्यांचं नाव पुसायला कुठं सांगतेय? आहे तिथेच राहू द्या. प्रतिभा मनोज मौले. फक्त आधी कै. लिहा.

सुनील : पुसा म्हणाला असतात तर भांडलो असतो. कै. लिहा म्हणता, तिथं भांडायलाही येत नाही.

मोहिनी : मग लिहा.

सुनील : माझ्या लग्नाच्या वेळी कळवणला पत्रिका छापायची होती. निमंत्रकांत ताईचं नाव हवं, तर भावकी म्हणाली, कै. घालून छापा. मी नावच वगळलं. आई वर्षभर बोलली नाही माझ्याशी. पण ते अक्षर माझ्या हातानं नाही लिहिलं. आणि आता तुम्ही म्हणता, एका फटक्यात दीडशे ठिकाणी लिही.

मोहिनी : तुम्हाला त्रास होणार, हे मला कळतं.

सुनील : नाही कळत. मी सकाळी येऊन मशीन चालू करतो. मराठी अक्षरांचं गिस्ट कार्ड लागलं की पहिली मराठी ओळ येते, 'लेखन : प्रतिभा मनोज मौले.' तेवढं बघतो आणि कामाला लागतो. दुसरीकडे कुठं आहे ती? कळवणला तिची खोली आता धान्याची झाली.

मोहिनी : आणि त्या ओळीखाली काय येतं?

सुनील : 'अडचण आल्यास विचारा.'

मोहिनी : हां. मग सटाण्याच्या पतसंस्थेतून फोन येतो. प्रतिभा मॅडम आहेत का? मी काय म्हणते?

सुनील : 'बोलतेय' म्हणता.

मोहिनी : बोलतेय म्हणते. पहिल्याच महिन्यात तिथल्या भिमाजीभाऊंनी विचारलं, मॅडम, आवाज बसला का तुमचा? मी म्हटलं, सर्दी झालीय. वर्ष झालं, सुनीलभाऊ, माझी सर्दी काही जात नाही.

सुनील : ते दाजींचं चुकलं. गिऱ्हाईक तुटेल म्हणून घाबरले. सगळं काम ताईनं उभं केलेलं, लोक तिच्या नावावर येत होते.

मोहिनी : त्यांना खोटंही बोलावं लागलं नाही. माझं नाव तेच की आता. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तुमच्या दाजींनी अंगठीनं लिहिलं. मी वाकून बघितलं तर 'प्रतिभा.' मला वाटलं, माणूस चुकला. सवयीनं आलं हातात. मी पुसायला हात पुढं केला, तर आई म्हणाल्या, असू दे, तेच ठेवलंय.

सुनील : मी होतो तिथं.

मोहिनी : होतात. उठून मांडवाबाहेर गेलात. मला तीही सोय नव्हती.

सुनील : तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं कुणी?

मोहिनी : बिजवर आहे, एवढं सांगितलं होतं. त्याला माझी हरकत नव्हती. नाव बदलतात हेही माहीत होतं, सगळ्यांचं बदलतात. एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या माझ्या मैत्रिणी सासरी गेल्या, कुणाची पूजा झाली, कुणाची स्नेहल. पण नवं नाव निदान कोरं असतं हो. मला वापरलेलं दिलं.

सुनील : असं बोलू नका.

मोहिनी : चुकले. पण मग कसं बोलू ते तुम्ही सांगा. मी पावत्यांचा नवा प्रोग्रॅम लिहिला, तुम्ही बघितलात, चांगला झालाय म्हणालात. वर लेखन कुणाचं? प्रतिभा मनोज मौले. हजेरीचा लिहिला, तोच मथळा. तुम्हाला ती ओळ वाचून बहीण दिसते. मला ती वाचून मी कुठंच दिसत नाही.

सुनील : दाजींना विचारलंत?

मोहिनी : काल विचारलं. म्हणाले, मला जमायचं नाही. सुनीलला जमत असेल तर त्याला लिहू दे, मी अडवणार नाही. आज मुद्दामच सटाण्याला गेलेत, मला कळतं ते.

सुनील : म्हणजे माझ्यावर ढकललं.

मोहिनी : तुमच्यावर सोपवलं. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही. पण तुम्हीही एकदा म्हणा माझ्याकडे बघून, की ताई गेलीय आणि ही दुसरी आहे. रीतीनं मी तुमची बहीण लागते. कळवणच्या आईंनी लेक म्हणून माझी ओटी भरली. तुम्ही वर्षभरात मला कशानंच हाक मारली नाहीत. नुसतं 'अहो, हे बघा.'

सुनील : प्रतिभाताई म्हणायला जीभ वळत नव्हती.

मोहिनी : माझीही 'हो' म्हणायला वळत नाही.

सखुबाई : काय गं, प्रतिभा, जेवायची येळ टळली. या पोराला बी उपाशी ठिवलं व्हय? मळ्यातनं मी आले, झेंडू तोडून बाजारात धाडला, तरी तुमचं आपलं खुडखुड चालूच.

सुनील : आलोच, मावशी.

सखुबाई : आन् तोंडं का अशी तुमची? भांडलात का काय?

मोहिनी : नाही, आई. बसा तुम्ही. तुमच्यासमोरच बोललेलं बरं. पहिल्या ताईंच्या नावाआधी कै. लिहा म्हणतेय मी. कॉम्प्युटरात, सगळीकडे.

सखुबाई : कै. म्हंजी ते... मेल्यावर लिवत्यात ते?

मोहिनी : हो.

सखुबाई : कशापायी? ज्याला ठावं त्याला ठावं. ज्याला नाय त्याला कशाला सांगायचं? ती गेली, तवा मनोजचं तोंड मिटलं व्हतं. सा म्हयने पोरगं बोललं नाय. भाकर वाढली तर खायचा, नाय वाढली तर तसाच बसायचा. मी म्हनलं, घरात नाव तर राहू दे. हाक मारली तर भिंतीला ऐकू जाईल. म्हनून तुला दिलं. वाईट नाय केलं मी.

मोहिनी : वाईट केलंत असं मी कधी म्हटलं? पण आई, तुम्ही त्यांचा चांदीचा टाक करून माझ्या गळ्यात घातलात. मी रोज पूजते. टाक जिवंत माणसाचा करतात का?

सखुबाई : नाय.

मोहिनी : मग त्या गळ्यात वारलेल्या आणि फोनवर जिवंत, असं कसं चालेल?

सखुबाई : सोनाराकडं तो टाक करायला टाकायचा तर मला वरीस लागलं, बाई. दुकानापातूर जायची आन् परत यायची. तुला नाय कळायचं.

सुनील : मला कळतं, मावशी.

सखुबाई : मंग तू सांग. तुझी भन. तू लिवनार हायस का?

सुनील : ...लिहून बघतो. आधी नकलेवर. खऱ्या फायलींना धक्का नाही.

मोहिनी : सुनीलभाऊ...

सुनील : बोलू नका आत्ता. बोललात तर हात थांबेल. मावशी, हे बघा, मी याला सांगतोय : कॉम्प्युटरातल्या या कपाटातली प्रत्येक फाइल उघड. 'प्रतिभा मनोज मौले' असं दिसलं की त्या जागी 'कै. प्रतिभा मनोज मौले' लिही. बंद कर, पुढची घे.

सखुबाई : एकट्यानंच सगळं करतंय ते?

सुनील : सगळं. थकत नाही, थांबत नाही.

सखुबाई : त्याला काय वाटत नाय, म्हनून.

सुनील : हां. त्याला काही वाटत नाही. ...चालवली.

मोहिनी : झालं?

सुनील : झालं.

मोहिनी : इतक्यात?

सुनील : इतकाच वेळ लागतो. बघू, एखादी उघडू... ही ठेवींची. 'लेखन : कै. प्रतिभा मनोज मौले.' ही कर्जाची. 'कै. प्रतिभा मनोज मौले.' बरोबर आहे. ही... अरेच्चा.

मोहिनी : काय झालं?

सुनील : ही पावत्यांची. ही तुमची आहे.

मोहिनी : 'लेखन : कै. प्रतिभा मनोज मौले.' ...मलाही लावलंत.

सुनील : मी नाही, स्क्रिप्टनं. दोघींचं पूर्ण नाव एकच. अक्षरन् अक्षर तेच. त्याला कशावरून कळणार? हजेरीच्या फायलीतही असेल. पगाराच्या फायलीत तुमचं नाव आहे, तिथंही.

सखुबाई : काय म्हनतोस? हिला? हिच्या नावाम्होरं ते लिवलं?

सुनील : मावशी, नक्कल आहे, पुसता येतं.

सखुबाई : पुस! पयलं पुस ते! जित्या मानसाच्या नावाम्होरं? भर दुपारच्याला, घरात, सवाष्णीच्या?

मोहिनी : आई, घाबरू नका. यंत्र आहे ते.

सखुबाई : यंत्राला कोन शिव्या देतंय? मीच केलं हे. मीच एका नावात दोघींना कोंबलं. एकीला आलं ते दुसरीला लागलं की नाय? इकडं ये. इकडं ये, माझ्याजवळ बस. तुला मी तिचं नाव दिलं गं, तिचं मरान नाय द्यायचं मला.

मोहिनी : आई, काही होत नाही मला.

सखुबाई : ती बी असंच म्हनली व्हती. साधी कावीळ हाय, आई, काय व्हत नाय मला.

सुनील : पुसलं, मावशी. बघा, सगळी नक्कल काढून टाकली.

सखुबाई : आता असं कर. तिला लिव आन् हिला सोड. तेवढं तुझ्या यंत्राला जमतं का?

सुनील : नावावरून नाही जमणार. ...तारखेवरून जमेल. प्रत्येक फायलीवर शेवटची कधी लिहिली ती तारीख असते. ताईच्या फायलींना मी हात लावलेला नाही. नंबर बदलला तेव्हाही स्क्रिप्टनं प्रत्येकीवर तिची जुनी तारीख परत लावली होती. दुरुस्ती आली तर शेजारी दुसरी फाइल करतो. त्यामुळे तिच्यावर तिच्याच तारखा आहेत.

मोहिनी : एकाही फाइलला नाही लावलात?

सुनील : नाही. दाजी ओरडायचे, एवढा पसारा कशाला वाढवतोस. मी म्हणायचो, असू द्या.

मोहिनी : मग कसं करायचं?

सुनील : एक रिकामी फाइल करायची. आत काहीच नाही, फक्त वर तारीख. ती गेली त्या दिवसाची. मग स्क्रिप्टला सांगायचं, हिच्या आधीच्या सगळ्या ताईच्या, त्यांना कै. लाव. हिच्या नंतरच्यांत नावच बदल. मधे मी केलेल्या दुरुस्त्यांवर मी नाव घातलेलं नाही, त्या आपोआप सुटतील.

मोहिनी : नंतरच्यांत कोणतं नाव?

सुनील : तुमचं.

मोहिनी : आई?

सखुबाई : मला काय इचारतीस? आईबापानं ठिवलंय ना तुझं नाव? घाल ते.

सुनील : फाइल केली. आता तारीख. ...हे तुम्ही टाका. मी सांगतो, तुम्ही टाईप करा.

मोहिनी : सांगा.

सुनील : नव्व्याण्णव... सप्टेंबर... अकरा. वेळही विचारतो तो. सकाळ टाका. पहाटच होती, पण सकाळ टाका.

मोहिनी : टाकली.

सुनील : आता एंटर माझ्या हातानं होऊ दे. सरका जरा. ...मोहिनीताई, सरका.

मोहिनी : सरकले.

सखुबाई : झालं?

सुनील : झालं, मावशी.

सखुबाई : वाच. मला वाचता येत नाय, तू वाच. तिचं आधी.

सुनील : 'लेखन : कैलासवासी प्रतिभा मनोज मौले.' ठेवींची. ...'कैलासवासी प्रतिभा मनोज मौले.' कर्जाची. ...मावशी, सगळ्या वाचू का?

सखुबाई : नको रं. रड तू. तिच्या दिसांना बी तू रडला नव्हतास, मी बघितलं व्हतं. रड बाबा. मला बी आज ती गेल्यागत वाटतंय.

मोहिनी : पाणी आणू, भाऊ?

सुनील : नको. ही बघा, पावत्यांची. तुम्ही वाचा.

मोहिनी : 'लेखन : मोहिनी मनोज मौले.'

सखुबाई : पुन्यांदा वाच.

मोहिनी : मोहिनी मनोज मौले.

सखुबाई : चला आता, दोघं बी जेवून घ्या. भाजी पार गार झाली. ए प्रति... बघ. तेच आलं बघ तोंडात. तोंडाला येळ लागंल गं माझ्या.

मोहिनी : लागू द्या, आई. मी कुठं चाललेय?