किती झाली?

शिंदखेड्याहून धुळ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सोलर प्लांटमधल्या इंजिनिअर मॅडम आणि त्यांचा ऑपरेटर हसीब शिफ्ट संपवून बसले होते.

"हसीब, बॅटरी साठ टक्के शिल्लक आहे ना? ग्रिडवाल्यांना संध्याकाळसाठी तेवढंच कळवलंय."

"साठ? चाळीसच आहे, मॅडम."

"मी 'किती झाली' विचारलं, तेव्हा तू चाळीस म्हणालास!"

"हो, चार्ज चाळीस झाली. दिवसभर ढगच होते."

"अरे, मी बॅटरी खर्च किती झाली ते विचारत होते!"

"मग फोन करा त्यांना."

"चूक माझ्या नावावर लागेल."

"माझं नाव सांगा. ऊन गेल्यावर कमी पडलं, तर गावंच्या गावं अंधारात जातील."

"सूर्य मावळायला किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"झाली की उरली, नीट सांग!"

"उरली, मॅडम. लावा फोन."