माल्ट्याच्या धक्क्यावरच्या तारल्या

दर्शन : आई, संजीवनीमावशीला तू फोनवर काय सांगितलंस? ती मला विचारतेय, आईला एवढ्या लांब नेऊन उपाशी ठेवलंस का म्हणून.

जया : उपाशी नाही म्हटलं. माल्ट्याला जाऊन पनीर खाऊन आले म्हटलं. खोटं आहे? चारी बाजूंना समुद्र, हॉटेलच्या दारात बंदर, आणि संध्याकाळी साडेसहाला त्या पंजाब्याकडे रांगेत बसून पनीर. ते मला इथं बेडोकला आपल्या घरी, पायात चपला न घालता मिळतं.

दर्शन : मुंबईची सहल कंपनी होती. रोज भारतीय जेवण, म्हणून तर घेतली. तुझ्यासाठी.

जया : आणि रात्री तुम्ही नवराबायको धक्क्यावर गाणीबजावणी ऐकायला गेलात, तेही माझ्यासाठी?

चैताली : आई, तुम्हीच म्हणालात ना, पाय दुखतात.

जया : पाय त्या पायऱ्यांनी दुखत होते गं. सकाळपासून चर्च दाखव, तटबंदी दाखव, रंगीत सज्जे दाखव. बसून गाणी ऐकायला पाय कशाला लागतात? तू दारातूनच म्हणालीस, "आईंना नऊला झोप येते." मला सांगितलंस. विचारलं नाहीस.

दर्शन : बरं, ते चुकलं. पण जेवणाचं काय करणार होतो? तू व्हेज.

जया : मी कधी झाले व्हेज?

दर्शन : म्हणजे... बाबा गेल्यापासून.

जया : मी झाले, की मला केलंत? सुतक फिटल्यावर माशाचं जेवण झालं. वाढणारीनं मला सुरमईची तुकडी वाढली. तुझ्या आत्यानं ती ताटातून उचलली. "वहिनी, आता नको." तू समोर बसला होतास. म्हटलं, लेक आहे, बोलेल. तू आणखी भात वाढून घेतलास.

दर्शन : मला वाटलं, तुलाच नको असेल.

जया : वेंगुर्ल्याच्या बाईला मासा नको असेल. वाटलं कसं तुला? आणि त्या सहलवाल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारी पावटे सोलत होते. "आई व्हेज," म्हणून मोकळा झालास. मान तरी वळवायची होतीस.

चैताली : पण मग तुम्ही गप्प का बसलात? एरवी आमटीत मीठ कमी पडलं तरी मला दिवसभर ऐकवता.

जया : मीठ मागता येतं. हे मागितलं असतं तर म्हणाले असते, नवरा गेला आणि हिची जीभ सुटली.

(चैताली खुर्ची ओढून जयाशेजारी बसते.)

जया : आता सांगूनच टाकते. शेवटच्या दिवशी तुम्ही बोटीतून किल्ला बघायला गेलात, मी खोलीवर थांबले. मी थांबले नव्हते. खाली धक्क्यावर गेले. एक जाडजूड बाई मासे तळत होती. आपल्याच तारल्या, नुसतं पीठ वेगळं. मी बघत उभी राहिले, तशी तिनं कागदात घालून हातात दिल्या. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. पण तिनं हातानं विचारलं, खातेस का? एवढं तिला सुचलं.

दर्शन : खाल्ल्यास?

जया : खाल्ल्या. भिंतीकडे तोंड करून. तुमची बोट आली तर दिसायला नको म्हणून जीभ पोळली तरी भराभर गिळल्या. तुझ्या बापाच्या मागं अख्खं घर ओढलं मी, त्याच आत्याचं लग्न उभं राहून लावून दिलं, आणि परमुलखात चोरासारखी खात होते. त्याचा राग आलाय मला. तुझं पनीर गेलं खड्ड्यात.

चैताली : मला कळलं होतं. काल तुमची साडी मशीनमध्ये टाकताना पदराला वास आला.

जया : आणि बोलली नाहीस?

चैताली : ह्याच्याही शर्टाला येतो. चांगीला ऑफिसखाली दुपारी फिश करी खातो आणि घरी येताना बडीशेप चघळतो.

जया : दर्शन?

दर्शन : आई, ते ऑफिसमधले सगळे जातात, म्हणून मी...

जया : म्हणजे आई घरात पडवळ खातेय, आणि हा तिकडे माशाचे काटे काढतोय. वर मला व्हेज म्हणून मिरवतोय. तू आज माझ्याशी बोलू नकोस.

चैताली : दोष माझाही आहे, आई. माझ्या माहेरी अंडंसुद्धा येत नाही. लग्न झाल्यावर मीच म्हटलं होतं, माझ्या ओट्यावर मासे नकोत. उद्या सकाळी बाजारात जाऊ. मला तारली ओळखता येत नाही, तुम्ही चला.

जया : तुला वास सोसेल का गं?

चैताली : नाही सोसणार बहुतेक. खिडक्या उघड्या ठेवू.

जया : दारही उघडं ठेव. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, मी काय तळतेय ते.